खिडकीतला गिलास

वसमत, ३ फेब्रुवारी २०२५

चि. सपना,

तुझ्या आईचा प्रभूच्या नावात सलाम.

पत्र पाहून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझी आजी पत्र आलं की आधी रडायची आणि मग कोणाकडून तरी वाचून घ्यायची, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. फोन का नाही केला म्हणशील, तर इथे रेंज नसते. हसू नकोस. गल्लीच्या तोंडाशी टॉवर उभा आहे हे मलाही दिसतं.

हळदीचा हंगाम सुरू झालाय. मी मोंढ्याजवळच्या त्याच पॉलिशच्या ड्रमवर जाते. दिवसभर हळदीची धूळ उडते, घरी आलं की नाकातून पिवळं निघतं. म्हणून थोडा खोकला आहे. ड्रमवरच्या सगळ्याच बाया खोकतात, त्यामुळे त्यात काही विशेष नाही.

काल महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन होतं. शनिवारी मनुके भिजत घातले, सकाळी उकळून गाळून रस केला, कप राखेने घासला. तुझे बाबा गेल्यापासून हे काम माझ्याचकडे आहे आणि मी ते कोणाला देत नाही. प्रेमदास पाळक वारंगा फाट्याहून मोटरसायकलवर येतात, त्यांच्या अंगावर निम्मा रस्ता बसलेला असतो. कप नेहमीसारखा एकच, सगळ्यांच्या ओठांतून फिरतो. रुख्मिणीबाईच्या नंतर मी. कप हातात असताना मला उबळ आली, तर त्या बिचारीने पदराच्या गाठीतली लवंग काढून माझ्या तोंडात घातली. असं माणूस शेजारी बसायला नशीब लागतं.

खिडक्या अजून बंदच असतात. मागे एकदा दोन पोरं मोटरसायकल थांबवून "काय चालू आहे आत?" एवढंच विचारून गेली होती. केलं काहीच नाही. पण रुख्मिणीबाईचा नवरा, आपले खेमाभाऊ, मंडळीचे वडील, चर्च त्यांच्या जबाबदारीवर. त्यांनी त्या दिवशी खिडक्यांना खिळे ठोकले ते ठोकलेच. गाणं बाहेर जायला नको, म्हणतात. आम्ही आत पंख्याखाली शिजत असतो, हळदीसारखे.

तू आणलेली छोट्या स्टीलच्या गिलासांची पेटी खाटेखाली आहे. गंजली नाही. त्यातला एक मी तांदूळ मापायला घेतलाय, बाकीचे तसेच. करोनानंतर चर्च उघडलं तेव्हा तू ती पेटी सगळ्यांसमोर वेदीपाशी नेऊन ठेवलीस आणि प्रत्येकाला वेगळा गिलास द्या म्हणालीस. बाबा म्हणाले, वेगळा कप आणायचा असेल तर या घरात येऊ नको. तू आली नाहीस. मातीला आलीस, तिसऱ्या दिवशी नाशिकला गेलीस, आणि नाताळला फोनवर दोन मिनिटं बोललीस. मी अजून म्हणते, नर्स झालीस म्हणून बापाला मंडळीसमोर असं बोलायचं नसतं. त्यावर तुला रुसायचं असेल तर रूस. पत्राला मात्र उत्तर दे.

तुझी आई,
चांगुणा


१८ फेब्रुवारी

सपना,

उत्तर आलं नाही, तरी लिहिते.

खोकला हळदीचा नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या तेव्हा आरोग्य केंद्राची आशाताई मागे लागली आणि मला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. थुंकी तपासली. टीबी निघाला. लगेच गोळ्या सुरू केल्या, सहा महिने घ्यायच्या. गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. बाहेरून मी हळदीने पिवळी होतेच, आता आतूनही रंगले.

फोन न करायचं खरं कारण तेच होतं. फोनवर खोकला ऐकू जातो, कागदावर जात नाही. पहिल्या पत्रात हे लिहायला धीर झाला नाही. तू नर्स आहेस, दोन उबळींत ओळखलं असतंस. मग तू माझी मुलगी म्हणून बोलली असतीस की नर्स म्हणून, हे मला कळलं नसतं.

पाळकांना मी स्वतःच सांगितलं. लपवायचं कशाला? ते मोटरसायकलवरून उतरले नाहीत, तिथूनच डोळे मिटून प्रार्थना केली. चांगली केली. नंतर म्हणाले, "मावशी, काही दिवस आराम करा. मनुक्याचं रुख्मिणीबाई बघतील."

डॉक्टरांनी दोन आठवडे गर्दीत जायचं नाही सांगितलंय. नंतर तोंड बांधून जा म्हणाले. पुढचं प्रभुभोजन चुकणार नाही, तेवढं बरं आहे.

आई


३ मार्च

सपना,

काल गेले होते. डॉक्टरांना विचारून, तोंडाला मास्क बांधून, तुझ्या बाबांनी घेतलेली निळी साडी नेसून. कधीची वाट पाहत होते.

आत शिरले तर माझ्या जागेवर सतरंजीच नव्हती. दाराजवळ, सगळ्यांपासून लांब, एक पोतं टाकलं होतं. मी म्हटलं ठीक आहे, खोकते आहे, दारात हवाही लागेल. बसले. मग भाकर फिरली, कप फिरायला लागला, आणि खेमाभाऊ वाकून कानाशी म्हणाले, "वैनी, तुमचं तिकडं ठिवलंय."

मी बघितलं. बंद खिडकीच्या फळीवर एक गिलास होता. एकटाच. त्यात माझा घोटभर रस.

"कुणी ठिवलं?" मी विचारलं.

"समद्यांनी ठरवून. वाईट वाटून घिऊ नका. लेकरंबाळं हायत."

मी रुख्मिणीबाईकडे बघितलं. ती सतरंजीचा धागा ओढत होती.

तुला तुझ्या आज्याची गोष्ट माहीत आहे, तरी लिहिते, कारण काल मी दुसरं काही आठवू शकले नाही. फाट्यावरच्या हॉटेलात आपल्या माणसांचा कप आतल्या कपांत नसायचा. बाहेर भिंतीच्या कोनाड्यात असायचा. आपणच उचलायचा, वरून चहा ओततील तो प्यायचा, आपणच विसळून परत कोनाड्यात पालथा घालायचा. आणि आजा पहिल्यांदा चर्चात गेले तेव्हा गोऱ्या पाळकाने स्वतः पिऊन तोच कप त्यांच्या हातात दिला. आज्याला उपदेशातलं एक अक्षर समजलं नव्हतं. तो कप समजला. तुझे बाबा तुझ्या पेटीवर एवढे का भडकले, ते त्या कपामुळे. त्यांनी तुला नीट सांगितलं नाही. त्यांना नीट सांगता यायचं नाही, ओरडताच यायचं.

तो रस मी प्यायले नाही. प्यावा कसा आणि टाकावा कसा? तसाच ठेवला आणि उठून आले. पाठीमागे कोणीतरी दार लावून घेतलं.

खूप एकटं वाटलं, सपना. बाबा गेले तेव्हाही एवढं वाटलं नव्हतं.

आई


१७ मार्च

सपना,

तुझे फोन येतायत. मी उचलत नाहीये. आता कळलं कसं वाटतं?

खरं सांगायचं तर उबळ अजून येते, म्हणून उचलत नाही. आणि थोडं ते वरचंही आहे.

दोन रविवार चर्चला गेले नाही. चर्च गल्लीच्या पलीकडे, आपल्या दारातून चपला मोजता येतील एवढं जवळ. मी उंबऱ्यात बसते. कोण आलं ते चपलांवरून कळतं. पण खिडक्या बंद, त्यामुळे शब्द येत नाहीत. भिंतीतून नुसता ढोलकीचा ठोका येतो, त्यावरून गाणं ओळखायचं आणि इकडे एकटीने म्हणायचं. ओळखायला उशीर होतो. मी सुरू करेपर्यंत त्यांचं संपलेलं असतं.

ड्रमवर मुकादमाने येऊ नको सांगितलं. शेजारचे वाईट वागत नाहीत. विचारपूस करतात, पण रस्त्यावरूनच, मान वाकडी करून. रुख्मिणीबाई शुक्रवारी कुंपणाच्या गडग्यावर ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा ठेवून गेली. मी हाक मारली तर हात हलवला आणि भराभर चालायला लागली. भाकरी गरम होती. गडग्यावरून उचलून खाल्ली. काय करणार, भूक लागली होती.

परवा दुपारी मी स्वतःलाच हाक मारली, "चांगुणे, जेवलीस का?" आणि "व्हय बाई, जेवले" असं उत्तरही दिलं. मग हसू आलं, मग रडू आलं, मग भांडी घासली.

गोळ्या चुकवत नाही. उन्हाळा लागलाय.

आई


२९ मार्च

सपना,

तुझं पत्र आलं. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखं आहे, ओळ वर वर चढत जाते. चार वेळा वाचलं. शिव्या बऱ्याच घातल्यास, बरं वाटलं.

पण मला एक सांग. तेव्हा तू सगळ्या मंडळीशी कपावरून भांडलीस. आता लिहितेस की टीबी उष्ट्या कपातून जात नाही, श्वासातून जातो. गिलास वेगळा ठेवून काही होत नाही, खिडक्या उघडा. तेव्हा कप, आता खिडकी. उद्या छप्पर काढा म्हणशील!

पुढचं वाचलं तेव्हा समजलं. तेव्हा तू करोनाचं आणि सर्दी-तापाचं बोलत होतीस, त्याला कप वेगळा बरा. टीबीचं वेगळं आहे. बंद खोलीत कोणी खोकलं, मोठ्याने गायलं, की ते हवेत राहतं आणि सगळे तीच हवा घेतात. म्हणजे ज्याच्यासाठी मला पोत्यावर बसवलं, तो गिलास निर्दोष, आणि ज्या खिडक्यांना खिळे ठोकले त्याच दोषी. तू लिहिलंस तसं समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या, खोकणाऱ्याने तोंड बांधायचं आणि सगळ्यांनी तपासून घ्यायचं.

पाळकांना रस्त्यात गाठून सगळं वाचून दाखवलं. त्यांना पटलं. खेमाभाऊंना त्यांनी सांगितलं तर ते म्हणाले, "पोरगी तवाबी असंच शिकवून राहिली होती. खिडक्या उघडल्या आन् उद्या काही झालं तर जिम्मेदार कोन?" त्यांना दोष देत नाही मी. त्यांची भीती खोटी नाही. पण माणसाला एका वेळी एकाच भीतीची राखण करता येते, आणि त्यांनी ती निवडून ठेवलीय.

तपासणीला मात्र आशाताई सगळ्यांना नेणार आहे. तू येशील का विचारणार नाही. तू "बघते" लिहिलंस, ते मी वाचलं.

आई


७ एप्रिल

सपना,

रुख्मिणीबाईला निघाला.

आशाताईने घरी येऊन सांगितलं. आम्ही दोघी इतकी वर्षं मांडीला मांडी लावून बसलो. ती उंच स्वरात सुरू करायची, मी खालून उचलायची. माझ्याकडून तिला गेला की तिच्याकडून मला आला, कोणाला सांगता येत नाही. तू म्हणशील, यात दोष कोणाचा नसतो. तू लांब आहेस, तुला तसं वाटणं सोपं आहे.

काल प्रभुभोजनाचा रविवार होता, पण पाळकांनी ते ईस्टरवर ढकललं. मंडळी लवकर सुटली. मी उंबऱ्यात बसले होते. खेमाभाऊ बाहेर आले, चपला घातल्या, आणि घरी न जाता गल्ली ओलांडून सरळ माझ्या अंगणात आले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. उभेच राहिले. टोपी काढून हातात धरली. मग विचारलं, "वैनी, बरं हाय का?"

"हाय. रुख्मिणी?"

"रडून राहिली. गोळ्या घेतल्या की उलटतंय. म्या तिला म्हनलं, चांगुणावैनी घेतात ना." मग म्हणाले, "ईस्टरला प्रभुभोजन हाय."

"म्हायीत हाय."

"तवा..." टोपी फिरवत राहिले. "तवा खिडकीत दोन गिलास ठिवू का?"

तुला खोटं सांगणार नाही. माझ्या मनात आलं की म्हणावं, ठिवा. स्वतःच्या बायकोचा गिलास फळीवर ठेवताना कसं वाटतं ते बघावं. जिभेवर आलं होतं. पण त्यांचे डोळे बघितले. हा माणूस विचारायला आला नव्हता, मी नाही म्हणावं म्हणून आला होता.

मी म्हटलं, "दोन नका ठिवू, भाऊ. समद्यांचे ठिवा."

"समद्यांचे?"

"एकट्याचा येगळा ठिवला तर त्यो फाट्यावरचा कोनाडा हाय. समद्यांचा येगळा ठिवला तर कुनीच येगळं न्हाई. पोरीची पेटी खाटेखाली हाय. घिऊन जा. आन् खिडकीत काई ठिवू नका, खिडक्या उघडायच्या हायत."

ते खाली बसले, माझ्या अंगणात, मातीवर. मग म्हणाले, "लोकायला गानं ऐकू जाईल."

"जाऊ द्या. वाईट गातो काय आपन?"

पेटी डोक्यावर घेऊन गेले. जाताना दारातून परत फिरले आणि म्हणाले, "यात एक कमी हाय."

तांदळातला काढून दिला.

बाबांना हे आवडलं असतं का, मला माहीत नाही. मी त्यांच्या फोटोला विचारलं. फोटो तसाच बघत होता, रागावल्यासारखा. पण ते तर हसतानाही रागावल्यासारखेच दिसायचे.

आई


२१ एप्रिल

सपना,

माझी थुंकी दुसऱ्यांदा तपासली, काही निघालं नाही. गोळ्या आहेतच अजून, पण डॉक्टर म्हणाले, आता बिनधास्त कुठेही बसा.

काल ईस्टर. मनुके मीच भिजवले. खेमाभाऊ पहाटे पक्कड घेऊन आले आणि खिडक्यांचे खिळे काढले. एक निघेना, तर त्याला शिव्या घातल्या, ईस्टरच्या दिवशी, चर्चात. पाळकांनी न ऐकल्यासारखं केलं.

मी तयार होऊन निघाले. निळी साडी. आत माझी सतरंजी परत जागेवर घातलेली दिसली. वेदीवर तुझे गिलास, एकसारखे, ओळीने. त्यातला तांदळाचा कुठला ते मलाही ओळखू आलं नाही. मी चप्पल काढली, आणि मग मागे वळून बघितलं तर रुख्मिणीबाई तिच्या घराच्या भिंतीला टेकून उभी होती, तोंड बांधून. तिला अजून गर्दीत जायची परवानगी नाही. ती चपला बघत होती.

मी चप्पल परत घातली.

खूप राग आला मला, सपना. किती दिवसांपासून त्या सतरंजीची वाट पाहत होते. पण तिला तिथे एकटी सोडून आत जाऊन बसणं मला जमलं नाही. तिला आपल्या अंगणात आणलं. कडुलिंबाखाली खाट टाकली, एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. ती म्हणाली, "तुमी कशाला हितं? तुमचं तर बरं झालं ना?" मी म्हटलं, "गप बस आन् ऐक."

खिडक्या उघड्या होत्या. आधी ढोलकी आली, मग टाळ, आणि मग शब्द. सगळे शब्द. समोरचा किराणावाला दुकानातून बाहेर येऊन उभा राहिला, थोडा वेळ ऐकलं आणि परत आत जाऊन साखर तोलायला लागला. एवढंच झालं. रुख्मिणीबाईने तिसऱ्या कडव्याला मास्कच्या आतूनच वरचा स्वर लावला. जेमतेम निघाला. मी खालून उचलला.

मग खेमाभाऊ गल्ली ओलांडून आले. ताटलीत दोन गिलास, वर रुमाल. आधी मला दिला, मग बायकोला. तिने मास्क खाली ओढला आणि प्यायली. मी प्यायले. रस थोडा आंबट झाला होता, मनुके चांगले नव्हते. खेमाभाऊ तिथेच उभे राहिले, आम्ही गिलास विसळायला उठू लागलो तर म्हणाले, "राहू द्या, म्या धुतो." आणि रांजणाशी बसून दोन्ही गिलास त्यांनी स्वतः धुतले.

संध्याकाळी सगळे गेले. रुख्मिणीबाईही गेली. घर पुन्हा होतं तसं झालं. मी जेवले, आणि स्वतःला विचारलं नाही.

एवढंच लिहायचं होतं. आता पत्र नको. येत्या रविवारी चर्च सुटलं की मी तुला फोन करणार आहे. तू ड्युटीवर असशील, झोपलेली असशील, रुसलेली असशील, काहीही असशील. उचल. खोकला ऐकू येणार नाही.

तुझी आई,
चांगुणा